एक तोळा साबण

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय 29. आधी ऐरोलीला राहायचो, गेल्या दिवाळीपासून घोडबंदर रोडला, कासारवडवलीत. त्वचा नाजूक, गळ्यावर तर फारच. डब्यातला फोम सोडून हाताने बनवलेला दाढीचा साबण वापरावा म्हणून वाळा आणि लिंबाच्या वासाचा 100 ग्रॅमचा डबा 1,350 रुपयांना मागवला. वास अप्रतिम. पहिला आठवडा छान गेला, दुसऱ्या आठवड्यात गळ्यावर लाल चट्टे आणि खाज. डबा तसाच पडून आहे. आता दुसऱ्या एका कारागिराचा साबण मनात भरलाय. तो 10 ग्रॅमचा नमुना 150 रुपयांना देतो. बायको म्हणते, एवढ्याशा साबणाला दीडशे म्हणजे लूट आहे. घ्यावा का? आणि घेतला तर तपासायचा कसा?
– एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर : आधी वहिनींचा हिशोब बघू. तुमचा डबा ग्रॅमला साडेतेरा रुपयांनी पडला, नमुना पंधरा रुपयांनी पडेल. लूट झाली ती ग्रॅममागे दीड रुपयाची. आणि त्या डब्यातला तुम्ही जेमतेम दहा ग्रॅम वापरला असेल, म्हणजे वापरलेला साबण तुम्हाला ग्रॅमला 135 रुपयांनी पडला. हे वहिनींना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

दहा ग्रॅम म्हणजे एक तोळा. सोनाराकडे जसा तोलून मागतो तसा साबण तोळ्याने मागावा, असं माझं बरीच वर्षं मत आहे.

दाढीबद्दल बाईने काय सांगावं, असं मागे एका गृहस्थांनी लिहिलं होतं, म्हणून माझा अधिकार सांगून टाकते. रबाळ्याच्या एका साबण कारखान्यात मी 26 वर्षं प्रयोगशाळेत होते. सकाळी बॅचचा चुरा गरम अल्कोहोलमध्ये विरघळवायचा, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकायचे. गुलाबी रंग चढला की कॉस्टिक, म्हणजे साबण बनवायला घालतात तो तीव्र अल्कली, मोकळा राहिलाय. बॅच अडवायची आणि मग दुपारपर्यंत प्रॉडक्शनवाल्यांशी भांडायचं. आणि घरी आमच्या ह्यांचा गळा. नौपाड्यातून रोज सकाळची फास्ट गाठायची म्हणजे दाढी टाळण्याची सोय नव्हती. त्या गळ्यावर मी जेवढे साबण तपासले, तेवढे कारखान्यातही तपासले नसतील.

त्यातला एक लव्हेंडरचा होता. पहिल्या दिवशी काही नाही, आठव्या दिवशीही काही नाही. ह्यांनी खुशीत मोठा डबा मागवायला सांगितला, मीही मागवला. नमुना अर्धा शिल्लक होता तरी! तेराव्या दिवशी जबड्याखाली चट्टे उठले आणि खाजेने रात्रभर झोप नाही. इथे मी चुकले, आणि तुमचंही नेमकं तेच झालंय असं पत्रावरून वाटतं.

त्रास दोन प्रकारचा असतो. एक लगेचचा: फेस लावला की चरचर, दाढीनंतर भगभग, दोन-चार तासांत शांत. तो साबणाच्या तीव्रपणाचा, मेन्थॉलचा, बोथट ब्लेडचा किंवा जड हाताचा. दुसरा ॲलर्जीचा, आणि तो उशिरा येतो. शरीराला एखादा घटक आधी 'ओळखावा' लागतो आणि त्यात दहा-पंधरा दिवस सहज जातात. एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी एक ते तीन दिवसांत चट्टे. म्हणून नमुना हुंगून किंवा एक दाढी करून निकाल लावणाऱ्यांना मी म्हणते, तुम्ही फक्त अत्तर तपासलंत. नमुना संपेपर्यंत वापरायचा. एका दाढीला साधारण पाऊण ते एक ग्रॅम साबण लागतो, तोळाभरात दहा-बारा दाढ्या होतात. एक दिवसाआड केली तर तीन आठवडे. नेमका तेवढाच वेळ आपल्याला हवा असतो.

आता पद्धत. आधी गळा पूर्ण बरा होऊ द्या. लालसर कातडीवर कुठलाही साबण नापासच होणार. दोन-तीन आठवडे नुसतं ट्रिमर फिरवा. मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली 'खाजेची ट्यूब' आणून लावू नका, त्यातल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टिरॉइड असतं. मग नमुन्याचा फेस करून कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर लावा, पाच मिनिटांनी धुवा. सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर. फेसावर पट्टी चिकटवून रात्रभर ठेवण्याचा शहाणपणा करू नका. साबण असा कोंडून ठेवला तर चांगल्या कातडीलाही भाजतो आणि चांगला साबण फुकट बदनाम होतो.

हात पास झाला की मगच गाल. आणि इथे माझी आवडती युक्ती: पहिल्या दोन वेळा ब्लेड लावायचंच नाही. सुट्टीच्या दिवशी फक्त एका बाजूला, गालापासून गळ्यापर्यंत, फेस लावून पाच मिनिटं पेपर वाचा आणि धुऊन टाका. तेवढ्यानेही चरचरलं तर दोष साबणाचा. नुसत्या फेसाने काहीच होत नाही, पण दाढी केल्यावर जळतं, तर साबणाला सोडा आणि स्वतःच्या हाताकडे बघा. गळ्यावरचे केस सरळ खाली वाढत नाहीत. कुणाचे आडवे, कुणाचे भोवऱ्यासारखे. बोटं फिरवून दिशा बघा. सुलट्या हाताने एकदा, फार तर आडवा एकदा. उलटा हात परीक्षा संपेपर्यंत बंद. सलूनमध्ये 'साहेब, उलटा मारू?' विचारतात तेव्हाही नाही म्हणा.

नमुना चालू असताना बाकी काही बदलायचं नाही. ब्लेड त्याच जातीचं, आफ्टरशेव्ह नाही, तुरटी नाही. तुरटी चुरचुरते आणि मग चुरचुरलं कशाने ते कळत नाही. ब्रशच्या बुडाशी जुना साबण बसलेला असतो. दोन-तीनदा कोमट पाण्यात पिळून वास जाईपर्यंत धुवा. डुकराच्या केसांचा राठ ब्रश असेल तर महिनाभर सिंथेटिक वापरा, गळ्याला तो मऊ लागतो.

आता पाणी. हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ऐरोली सोडून कासारवडवलीला गेलो असं लिहिलंत तेव्हाच माझे कान टवकारले. ऐरोलीत तुम्हाला धरणाचं पाणी होतं, मोरबेचं म्हणा की बारवीचं. घोडबंदरला अनेक सोसायट्यांत टँकर आणि बोअरवेलचं पाणी मिसळतात. बोअरवेलचं पाणी जड असतं, साबणाला फेस येऊ देत नाही. शाळेत 'दुष्फेन' शब्द होता तो हाच. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर घालतात, फेस दाट आणि टिकाऊ व्हावा म्हणून. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याचं जमलं की फेसाऐवजी चिकट पांढरा साका तयार होतो. फेस दुबळा, ब्लेड घसरत नाही, आपण दोनदा-तीनदा फिरवतो आणि गळा सोलवटतो. खात्री करायची तर एक दाढी आरओच्या तांब्याभर पाण्याने करून बघा. ब्रश भिजवायला आणि फेस करायला तेवढं पुरतं. फेस एकदम दह्यासारखा झाला तर गुन्हेगार नळात आहे. (आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी वापरू नका, ते आणखी जड असतं.) तुमच्या चट्ट्यांचा दोष मात्र मी पाण्याला देणार नाही. पाण्याने आग होते, दुसऱ्या आठवड्यातली खाज सहसा सुगंधाची.

तुमच्या डब्यात वाळ्यावर माझा संशय कमी, लिंबावर जास्त. लिंबाच्या तेलात लिमोनीन असतं. ताजं असताना ते तसं गरीब. हवा लागून त्याचं ऑक्सिडीकरण झालं की जे पदार्थ बनतात ते ॲलर्जीला कारण होतात. लव्हेंडरमधल्या लिनालूलचंही तेच. ठाण्यातल्या दमट बाथरूममध्ये झाकण उघडं टाकलेला डबा म्हणजे त्याचा कारखानाच. तेव्हा 'नैसर्गिक तेलं आहेत, त्रास होणार नाही' यावर विश्वास ठेवू नका. युरोपात अशा 26 सुगंधी घटकांची नावं 2005 पासून वेष्टनावर छापावी लागतात, धुऊन टाकायच्या वस्तूत ते 0.01 टक्क्याच्या वर असतील तर. 2023 मध्ये ती यादी ऐंशीच्या वर नेली. आपल्याकडे बहुतेक डब्यांवर नुसतं 'परफ्यूम' लिहून मोकळे होतात. कारागीर छोटा असेल तर सरळ फोन करून विचारा. सांगायला कां-कूं करणाऱ्याचा साबण मी घेत नाही.

पहिला नमुना बिनवासाचा मागा. त्यातही 'अनसेंटेड' आणि 'फ्रॅग्रन्स फ्री' यात फरक आहे. अनसेंटेडमध्ये मूळ चरबीचा वास दाबायला थोडा सुगंध घातलेला असू शकतो. बिनवासाचा तोळा तीन आठवडे निभावला, तर त्याच कारागिराचा वासाचा तोळा घ्या. मूळ साबण एकच, बदल फक्त सुगंधाचा. आता चट्टे आले तर कशाने आले ते स्पष्ट. 'पीएच 5.5' लिहिलेला खरा साबण दिसला तर हसून पुढे जा. साबण हा अल्कलीच, त्याचा पीएच 9-10 असतो. 5.5 वर आणला तर तो फुटून त्याचं परत स्निग्धाम्ल होईल, फेस राहणार नाही.

ह्यांचं शेवटी असं झालं की त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पॅच टेस्ट लावली. दोन दिवस संशयित घटक लावलेल्या पट्ट्या, मग त्या काढून एकदा तपासणी, चौथ्या दिवशी पुन्हा. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. आणि हे एप्रिलमध्ये, ठाण्यात! चार दिवस पंख्याखाली पालथे पडून होते. निघाली ती सुगंधी मिश्रणाचीच ॲलर्जी. बिनवासाच्या साबणानेही तुमचे चट्टे परत आले तर तुम्हीही हीच टेस्ट करून घ्या, फक्त जानेवारीत करा.

प्रश्न : मी घरी साबण बनवते, आता दाढीचाही करते. त्यात कोकमाचं तेल आणि खोबरेल घालते, लेबलवर 'केमिकल फ्री' लिहिते. प्रदर्शनात टेबलावर एक वडी आणि ओला ब्रश ठेवते, लोक मनगटावर फेस करून बघतात. विक्री बरी होते. यात काही चुकतंय का?
– एक वाचक, वाशी

उत्तर : ब्रश उचला तो. पन्नास जणांच्या हातांना लागलेला ओला ब्रश आणि त्याच वडीवर पुन्हा घासणं, हे मी गिऱ्हाईक म्हणून बघितलं तर टेबलापासून लांब जाईन. फेस तुम्ही स्वतः करून दाखवा आणि न्यायला बंद डबीत एक तोळा द्या. हळदी-कुंकवाला वाटतात तेवढी डबी पुरते. साबण कोरड्या, स्वच्छ सुरीने कापायचा. डबीवर घटक, बॅच आणि तारीख हवी; नमुना छोटा म्हणून माहिती छोटी नको. आणि विकत असाल तर कॉस्मेटिक्स रूल्स, 2020 प्रमाणे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. तो काढला नसेल तर पुढच्या प्रदर्शनाआधी त्याच्या मागे लागा.

तुम्ही कोकमाचं तेल घालता हे वाचून आनंद झाला. आमच्याकडे थंडीत भेगांना मुठेल लावायचे, ते हेच. त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक असतं, दाढीच्या साबणाला अगदी जोगं, आणि गुरांची चरबी टाळणाऱ्यांची सोय होते. (परदेशी डब्यावर 'सोडियम टॅलोएट' दिसलं की ती गुरांची चरबी समजावी, सासूबाईंना हे मी कधीच सांगितलं नाही.) खोबरेल मात्र हात आखडून घाला. फेस भुरकन होतो, पण कातडी कोरडी पडते आणि नाजूक गळ्यांची पत्रं मग मला येतात. लेबलवरचं 'केमिकल फ्री' खोडा. पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे केमिकलच, आणि ते तुम्ही स्वतः मोजून घातलंय.

प्रश्न : बाबांच्या पंचाहत्तरीला महागातला दाढीचा साबण भेट द्यायचा आहे. चाळीस वर्षं ते एकच गोल वडी वापरतात, कधी त्रास नाही. त्यांच्या जुन्या ब्रशचे केस आता फेसात गळतात. नमुने मागवून त्यांच्यावर तपासू का?
– एक वाचक, चरई

उत्तर : नको. त्यांच्या वडीच्या सहा वड्या आणा आणि ब्रश तेवढा नवा घ्या.