आईचं ब्रेसलेट आणि माझं स्कॅप्युलर

प्रश्न : फादर, माझी मावसबहीण गोव्यात क्रिस्टल हीलिंगचा, म्हणजे स्फटिकांनी दुखणी बरी करण्याचा, कोर्स करून आली आणि तिने आईला ऍमेथिस्टचं, म्हणजे जांभळ्या स्फटिकाचं, ब्रेसलेट दिलं, पौर्णिमेला चांदण्यात ठेवून चार्ज करायचं म्हणे. आई म्हणते झोप बरी लागते, पण ब्रेसलेट काढलं की घाबरी होते आणि हल्ली थायरॉईडची गोळीपण टाळते. मी काही बोलले तर म्हणते, तू गळ्यात स्कॅप्युलर (मारियामातेच्या भक्तीचं कापडी चिन्ह) घालतेस ते काय वेगळं? हे पाप आहे का?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : ताई, आधी आईची गोळी चालू करा. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, पौलाने कलस्सैकरांच्या पत्रात त्याला 'प्रिय वैद्य' म्हटलंय, तेव्हा गोळी सोडली म्हणजे श्रद्धा वाढली असं काही नसतं. डॉक्टरांना दाखवा, टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या.

दगडात वाईट काही नाही हो. ऍमेथिस्ट म्हणजे क्वार्ट्झच, लोहाच्या अंशाने जांभळा झालेला, आणि क्वार्ट्झ म्हणजे सिलिका, आपल्या कासार्ड्याच्या खाणीतली वाळू तीच. बायबलात निर्गम 28 मध्ये तर मुख्य याजक अहरोनाच्या उरपटावर, म्हणजे छातीवरच्या पट्टीवर, बारा रत्नं जडवायला देवानेच सांगितलंय, पण ती इस्राएलच्या बारा वंशांची देवापुढे आठवण म्हणून, कोणाचं दुखणं ओढून घ्यायला नाही. आणि झोपेचं म्हणाल तर लंडनचे मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी 2001 साली 80 जणांवर प्रयोग केला होता, काहींच्या हातात खरा स्फटिक, काहींच्या हातात नकली, तरी झिणझिण्या, ऊब, शांत वाटणं हे नकलीवाल्यांनापण तसंच जाणवलं. मग आईची झोप खोटी का? नाही, झोप खरीच, पण ती दगडाने दिली असं यातून निघत नाही.

स्कॅप्युलरचा प्रश्न मात्र आईने बरोबर विचारलाय आणि तो टाळू नका. मोशेने देवाच्या सांगण्यावरून पितळी सर्प केला, त्याच्याकडे बघून साप चावलेले लोक जगले (गणना 21), पण पुढे लोक त्याच सर्पापुढे धूप जाळायला लागले तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (2 राजे 18:4). देवाने सांगितलेली वस्तूसुद्धा! स्कॅप्युलर घातलं की प्रार्थना आपोआप लागू पडते असं कोणी मानलं तर तीही अंधश्रद्धाच, कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या 2111 क्रमांकात हे स्पष्ट आहे. स्कॅप्युलरचा अर्थ एवढाच की मी मारियेचा हात धरून ख्रिस्ताकडे चाललोय, ते हरवलं म्हणून देव सोडून जात नाही. क्रिस्टलवाले सांगतात शक्ती दगडात आहे, ती चांदण्याने भरते, तिथे मागायला कोणी नाही आणि आभार मानायलाही कोणी नाही.

मला खरी काळजी आहे ती आईच्या घाबरण्याची. 1 योहान 4:1 म्हणतं आत्म्यांची पारख करा, आणि त्याच अध्यायात पुढे आहे की पूर्ण प्रीती भीती घालवते. जी वस्तू हातातून काढली की जीव घाबरा होतो ती माणसाला मोकळं करत नाही, बांधते.

पाप पाप म्हणून आईच्या मागे लागू नका, ती बिचारी दुखण्याला कंटाळलेली आहे. एका रात्री तिच्याजवळ बसा, ब्रेसलेट कपाटात ठेवायला सांगा, सोबत रोजरी (जपमाळेची प्रार्थना) करा आणि कसली भीती वाटते ते तिला बोलू द्या. तुमच्या धर्मगुरूंना घरी बोलवा, याकोब 5:14 प्रमाणे आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायची सोय आपल्याकडे आहेच. मावसबहिणीशी भांडण नको, पण आईची गोळी परत चालू केलीय हे तिला स्पष्ट सांगा.