जैन साध्वी विमानाने परदेशात कशा जातात? त्यांना बोलवायचं असेल तर काय तयारी लागते?

तुम्ही विचारलंय की ह्यूस्टनमधल्या एका कार्यक्रमात पांढऱ्या वस्त्रांतल्या जैन साध्वी भेटल्या. साध्वी तर आयुष्यभर पायी विहार करतात, मग या अमेरिकेत कशा? आणि आपल्या मंडळात त्यांचं प्रवचन ठेवायचं तर काय बघावं लागेल?

वर्णनावरून त्या समणी असाव्यात, म्हणजे श्वेतांबर जैनांच्या तेरापंथातल्या, गृहस्थ आणि साध्वी यांच्या मधल्या पायरीवरच्या दीक्षित स्त्रिया. तेरापंथाच्या साध्वींच्या तोंडावर मुखवस्त्रिका, म्हणजे तोंडावरची कापडी पट्टी, कायम बांधलेली असते, समणींच्या नसते. आचार्य तुलसींनी 1980 मध्ये राजस्थानातल्या लाडनूंला ही समण श्रेणी सुरू केली, पहिल्या दीक्षेत सहा जणी होत्या. पंचमहाव्रतं, म्हणजे पूर्ण संन्यासाची पाच व्रतं, घेतलेल्या साधू-साध्वींना वाहन वर्ज्य, म्हणजे समुद्रापलीकडचा रस्ताच बंद. समणींना वाहनाने प्रवास करायची मुभा आहे, आहाराच्या नियमांतही थोडी सवलत आहे. ब्रह्मचर्य, अपरिग्रह, रोजचं सामायिक (समभावाचं ध्यान) आणि प्रतिक्रमण (दोषांची कबुली देणारा सकाळ-संध्याकाळचा विधी) ही मात्र तशीच राहतात. मुमुक्षू, म्हणजे दीक्षेची उमेदवार, म्हणून काही वर्षं अभ्यास, मग समणी दीक्षा, आणि पुढे त्यांतल्या काही जणी साध्वी होतात. दक्षिण महाराष्ट्रातल्या वाचकांना ही मधली पायरी नवी वाटू नये. कोल्हापूर आणि नांदणीच्या दिगंबर मठांचे भट्टारकही, म्हणजे मठाधिपती, वाहनाने जातात. दिगंबर मुनी जात नाहीत.

ही वाट सहज निघालेली नाही. 1893 मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं निमंत्रण आचार्य विजयानंदसूरींना होतं. साधूला जहाज चालत नाही म्हणून वीरचंद गांधी हे गृहस्थ गेले. 1970 मध्ये जैन मुनी चित्रभानू जिनिव्हाच्या परिषदेला गेले, पण मुनिपद सोडून. 1975 मध्ये आणखी एक जैन मुनी, सुशीलकुमारजी, मुनिवेषातच विमानात बसले, त्यावरून समाजात वादळ उठलं. 1983 मध्ये त्यांनी न्यू जर्सीत सिद्धाचलम् हे जैन तीर्थ उभं केलं. माझ्या मते समण श्रेणीचं मोल इथेच आहे: कुठली मुभा द्यायची ते आधी ठरवलं आणि मगच पाऊल उचललं.

आता तयारी. लोकांना वाटतं अडचण विमानाची असेल. खरी ओढाताण सूर्याची होते. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. सकाळी नवकारशी, म्हणजे सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी तोंड उघडायचं. लंडनला डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य 8:05च्या सुमारास उगवतो आणि 3:53ला मावळतो. नवकारशी 8:53ला. दिवसभराचं खाणंपिणं जेमतेम सात तासांत बसवावं लागतं. जूनमध्ये उलटा त्रास. सूर्यास्त 9:20च्या पुढे, त्यानंतर प्रतिक्रमण, म्हणजे झोपायला सव्वादहा होतात. पहाटेचं प्रतिक्रमण पावणेपाचच्या सूर्योदयाआधी आटपायचं, म्हणजे चारला उठायचं. वर आयोजक रात्री नऊपर्यंत प्रश्नोत्तरं ठेवतात. जूनमधला कार्यक्रम साडेसातला संपवा.

ह्यूस्टनला डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. यजमान नोकरीवरून सहाला येणार आणि मग गरम फुलके करणार, हे तिथे जमत नाही. ज्यांच्या घरी दुपारी कोणीतरी असतं अशाच घरी उतरवा, किंवा कार्यक्रम शनिवार-रविवारी घ्या. सूर्योदय-सूर्यास्ताचा तक्ता त्याच गावाचा आणि त्याच आठवड्याचा छापून स्वयंपाकघरात लावा. नोव्हेंबरात घड्याळ तासभर मागे जातं तेव्हा जुना तक्ता हमखास दगा देतो. पाणी उकळलेलं लागतं, आणि त्यालाही मुदत असते. श्वेतांबर परंपरेत पावसाळ्यात 3, हिवाळ्यात 4 आणि उन्हाळ्यात 5 प्रहर धरतात, प्रहर सुमारे तीन तासांचा. किती वाजता उकळलं ते भांड्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, म्हणजे दुपारी कोणाला अंदाज करत बसावं लागणार नाही.

कांदा, लसूण, बटाटा नको हे सगळ्यांना माहीत असतं. चुका होतात त्या पाकिटांत. अमेरिकेतल्या डब्यावर नुसतं ‘नैसर्गिक स्वाद’ लिहिलेलं असतं, त्यात लसणाचा अर्क निघू शकतो. पावात बटाट्याचं पीठ असतं. चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध साकळवणारं द्रव्य) असू शकतं, दह्यात आणि मार्शमॅलोत जिलेटिन, तेही प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं. युरोपातल्या डब्यांवर ई-क्रमांक असतात: ई120 हा लाल रंग किड्यांपासून करतात. ई471 वनस्पतीपासून किंवा प्राण्यांच्या चरबीपासून, दोन्ही प्रकारे बनतं, त्यामुळे ‘व्हीगन’ असा शिक्का नसेल तर सोडून द्या. न्याहारीच्या ग्रॅनोलात मध असतो. माझा सल्ला एकच: त्या दोन दिवसांत पाकीट फोडूच नका. मूगडाळ, भात, फुलके, दुधी, पडवळ, भेंडी. एवढं पुरे होतं. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चालेल का, हे मात्र आदल्या दिवशीच विचारून घ्या.

विमानाचं तिकीट काढताना जेवणाचा कोड व्हीजेएमएल टाका, हा जैन जेवणाचा. एव्हीएमएल शाकाहारी असतं, पण त्यात कांदा-बटाटा येतो. एचएनएमएल म्हणजे हिंदू जेवण, नावावर जाऊ नका, त्यात मांस असतं. मागणी किमान 48 तास आधी नोंदवा आणि विमानतळावर पुन्हा खात्री करा. विमान बदललं की ही नोंद बरेचदा पुढे जात नाही. खाकरे सोबत द्या. लांबच्या प्रवासात सूर्यास्त कुठला धरायचा हे यजमानाने ठरवू नये, त्यांनाच विचारावं.

समणी एकट्या प्रवास करत नाहीत, किमान दोघी असतात. तिकिटं, खोली, गाडीतली जागा, सगळं त्या हिशेबाने. पुरुषांचा स्पर्श वर्ज्य असल्याने हस्तांदोलन नाही, पुष्पगुच्छ तर नाहीच. महापौर किंवा प्राध्यापक पाहुणे असतील तर त्यांना आधीच सांगा की हात जोडून ‘जय जिनेंद्र’ म्हणा. ऐन व्यासपीठावर हात पुढे आला की दोघांचीही पंचाईत होते. मानधनाचं पाकीट त्यांच्या हातात देऊ नका, द्यायचंच तर त्यांच्या केंद्राकडे द्या.

व्हिसा तुमच्या मंडळाला काढावा लागणार नाही, त्या एखाद्या केंद्रातर्फेच आलेल्या असतात. पण वर्ष-दोन वर्षं कोणाला ठेवायचा विचार असेल तर अमेरिकेचा आर-1, म्हणजे धार्मिक कार्यकर्त्यांचा व्हिसा, लागतो. पहिली मंजुरी जास्तीत जास्त 30 महिन्यांची, एकूण मुदत 5 वर्षं. अर्जदार त्याआधी किमान 2 वर्षं त्याच पंथात असावी लागते, आणि काम आठवड्याला सरासरी 20 तास तरी हवं. समणींना पगार नसतो, तिथे अर्ज अडकतो. म्हणून राहणं, जेवण, प्रवास यांचा खर्च संस्था कशी उचलते हे कागदोपत्री दाखवा. भाडेकरार, बँकेची पत्रकं, आधीच्या समणींवर झालेला खर्च, हे सगळं अर्जासोबतच जोडा, मागितल्यावर देऊ असं म्हणू नका.