परदेशातल्या भारतीय वकिलातीच्या केंद्रावर पासपोर्ट नूतनीकरणाचे जास्त पैसे घेतले, तर तक्रार कुठे करायची?

आधी वकिलातीलाच पावतीसह ईमेल करा. उत्तर आलं नाही तर सीपीग्राम्स या सरकारी तक्रार पोर्टलवर परराष्ट्र मंत्रालय निवडून तक्रार नोंदवा. पण त्याआधी पावती ओळीओळीने वाचा, कारण बहुतेक वाद तिथेच उलगडतो. एकूण रकमेत साधारण तीन भाग असतात: सरकारी फी, २००९ साली सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीची छोटी रक्कम आणि अर्ज स्वीकारणाऱ्या खाजगी कंपनीचं सेवाशुल्क. हे तिन्ही अधिकृतच. फोटो, झेरॉक्स, कुरिअर, एसएमएस यांचे पैसे मात्र बहुधा ऐच्छिक सेवांचे असतात. न विचारता लावले असतील तर तक्रार नेमकी त्या ओळीवर करा, ‘फार लुटलं’ एवढंच लिहू नका. अर्ज क्रमांक, तारीख आणि वकिलातीच्या संकेतस्थळावरच्या दरपत्रकाचा स्क्रीनशॉट जोडा. सीपीग्राम्सवर निपटाऱ्याची मुदत २०२४पासून २१ दिवसांची आहे. एक मर्यादा लक्षात घ्या: अर्ज नामंजूर झाला म्हणून भरलेली सरकारी फी सहसा परत मिळत नाही. आणि पगार अडकणं, अटक, मृत्यू अशा खऱ्या संकटात परराष्ट्र मंत्रालयाचं २०१५ साली सुरू झालेलं ‘मदद’ पोर्टल वापरा.