पाळक दीर्घकाळ आजारी असताना मंडळीशी संपर्क कसा ठेवावा? अंथरुणावरून व्हिडिओद्वारे उपदेश करावा का?

व्हिडिओद्वारे उपदेश करू नये. माझे पती ख्रिस्ती मंडळीचे पाळक आहेत आणि त्यांच्या केमोथेरपीच्या काळात हाच वाद मंडळीच्या पंचांच्या सभेत रंगला होता, त्यामुळे तटस्थपणे उत्तर देण्याचा आव मी आणणार नाही.

आमच्या एका ज्येष्ठ पंचांचे ठाम मत होते की लोक पाळकांचा आवाज ऐकायलाच उपासनेला येतात आणि तो बंद झाला की बाके रिकामी होऊ लागतील. त्यांच्या आग्रहाखातर एका रविवारी फोन ध्वनिक्षेपकाला जोडण्यात आला. उशीला टेकून बसलेल्या माझ्या पतींनी शास्त्रपाठ वाचला, दोन-तीन वाक्ये उच्चारली आणि त्यांना धाप लागली. खोकल्याची ती उबळ साऱ्या मंडळीने ऐकली. त्यानंतर ज्या तरुण सेवकाने आठवडाभर तयारी करून उपदेश केला, त्याच्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते, कारण निम्मे लोक डोळे पुसत होते. पंचमहाशयांना मात्र तो प्रसंग ‘फार हृदयस्पर्शी’ वाटला. रोग्याच्या धापेने मंडळीची उन्नती होत नाही, असे मी त्यांना तेव्हाच सुनावले.

पुढच्या रविवारपासून आम्ही पत्र सुरू केले. ते सांगत आणि मी लिहून घेत असे, एकच पान. तपासण्यांचे आकडे त्यात कधीच नसत. तब्येतीविषयी एखादे वाक्य आणि मग नावानिशी चौकशी: कोणाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन कसे झाले, शाळा सोडायला निघालेला मुलगा पुन्हा वर्गात बसू लागला का, गायकवृंदाने नवे गीत बसवले का. पत्र दर वेळी वेगळ्या व्यक्तीने वाचावे, असा नियम त्यांनीच घातला. पंचमहाशयांनी ते श्रद्धांजलीच्या सुरात वाचले. उपासनालयाची झाडलोट करणाऱ्या ताईंनी मात्र ओळीखाली बोट धरून, अडखळत वाचले आणि स्वतःच्याच मुलाची चौकशी आली तेव्हा मध्येच थांबून, ‘हो साहेब, जातोय आता’ असे उत्तर देऊन त्या पुढे वाचू लागल्या. ज्यांची अडचण चारचौघांत सांगण्याजोगी नसे, त्यांना बरे वाटेल त्या दिवशी ते स्वतः फोन करीत.

पत्रांनी मंडळी बांधली जात नाही, असा आक्षेप तरीही घेतला गेला. बायबलमधील नव्या कराराच्या २७ पुस्तकांपैकी २१ पत्रे आहेत, हे पंचांना मी सांगावे लागावे याचे मला आजही नवल वाटते. लंडनचे उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांना ऐकायला हजारो लोक जमत. तेही फ्रान्समधील मेंटन येथे आजारपणात राहत असताना आपल्या मंडळीला वाचून दाखवण्यासाठी पत्रेच पाठवीत, आणि ३१ जानेवारी १८९२ रोजी त्यांचे निधनही तेथेच झाले.

आजाराचे नाव लपवू नये. फिलिप्पै येथील मंडळीने पौलाकडे पाठवलेला एपफ्रदीत आपल्या दुखण्याची बातमी फिलिप्पैकरांना कळली म्हणून अस्वस्थ झाला होता (फिलिप्पै २:२६). रोग्याला मंडळीची काळजी लागते ती अशी, आणि अर्धवट बातमीने ती वाढते. भेटींचे म्हणाल तर केमोच्या फेरीनंतर साधारण दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पांढऱ्या पेशी बऱ्याच खाली गेलेल्या असतात आणि संसर्गाच्या भीतीने तेव्हा माणसांना दारातूनच परत पाठवावे लागते. हा वाईटपणा घरच्यांनी घ्यावा, पाळकांनी नव्हे. ‘वडिलांना अडवता?’ असे मला विचारण्यात आले होते; वडील म्हणजे मंडळीचे पुढारी. याकोब ५:१४ प्रमाणे रोग्याने वडिलांना बोलवायचे असते. वडिलांनी न कळवता यावे, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही.

प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा कोणी द्यावा, याचे नियम प्रत्येक पंथाचे वेगळे असल्याने ते आपल्या वरिष्ठांकडून लेखी घ्यावेत. हेही मान्य करते की ज्यांचा आवाज आणि दम शाबूत आहे, उदाहरणार्थ पाय मोडून पडलेल्या पाळकांनी, अधूनमधून व्हिडिओवर प्रार्थना केली तर माझी हरकत नाही. उपदेश मात्र समोर उभ्या असलेल्या माणसानेच करावा. आणि आजाराने पाळकांची वाचा किंवा स्मृती गेली असेल, तर घरच्यांनी पत्र स्वतःच्या नावाने लिहावे, त्यांच्या नावाने मजकूर रचून मंडळीला वाचून दाखवू नये.