रविवारच्या उपासनेत शांतता कुठे शोधावी, आणि आपली स्वतःची रचना मंडळीसमोर ठेवण्याचे धाडस कसे करावे?

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुम्ही लिहिता की तुमच्या मंडळीत पहिल्या गीतापासून आशीर्वचनापर्यंत एक क्षण मोकळा मिळत नाही, पाळक प्रार्थना करत असतानाही कीबोर्ड वाजतच असतो, आणि घरी परतताना देवाशी बोलायचे राहूनच गेले असे वाटते. शिवाय तुम्ही येशूवर कविता लिहिता. त्यातली एखादी उपासनेत म्हणावीशी वाटते, पण ‘हे आपल्यात चालत नाही’ असे कोणी म्हणेल या धास्तीने वही पर्समधून बाहेर निघत नाही. आपल्याच विश्वासात काही खोट आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

खोट अजिबात नाही. माझ्या मते तुमचे हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. मंडळी उपासनेत दोन मिनिटे रिकामी सोडायला घाबरते आणि नवी रचना ऐकायलाही घाबरते. दोन्हींच्या मुळाशी एकच भीती असते: ठरलेले सोडले तर देव काही करील की नाही याचा भरवसा वाटत नाही. म्हणून दोन्हींचे उत्तर एकत्रच देते. मी आमच्या मंडळीत पुष्कळ वर्षे पेटी वाजवते आहे, तेव्हा जे लिहिते ते त्या अनुभवावरून.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातली कफर्णहूमची संध्याकाळ आठवा. सगळे गाव दाराशी लोटले होते आणि येशूने पुष्कळांना बरे केले. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, तो उठून एकांतात गेला आणि तिथे प्रार्थना करू लागला. शिमोन आणि सोबतचे लोक त्याला शोधत आले आणि म्हणाले, सगळे तुम्हाला शोधत आहेत. त्यावर येशूने परत कफर्णहूमची वाट धरली नाही. आपण आसपासच्या गावांत जाऊ, मी त्यासाठीच निघालो आहे, असे तो म्हणाला. हा भाग कितीही वेळा वाचला तरी मी इथे थांबते. जिथे सगळे हात जोडून उभे आहेत ती जागा सोडायची आणि नव्या गावाकडे निघायचे, एवढा मोठा निर्णय त्या पहाटेच्या एकांतानंतर लगेच येतो. शांतता म्हणजे थकलेल्याची विश्रांती एवढेच आपण समजतो. इथे तर ती पुढचे पाऊल टाकायचे बळ देते.

आणि बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात सातवा शिक्का फोडल्यावर स्वर्गात सुमारे अर्धा तास निःशब्दता पसरते. त्याआधीचे अध्याय उघडून पाहा, सिंहासनाभोवती गीतांवर गीते चाललेली आहेत. मग सगळे थांबते, आणि त्यानंतर धूपाबरोबर पवित्र जनांच्या प्रार्थना देवापुढे चढतात. तेव्हा उपासनेत शांतता मागणे ही काही तुमची वैयक्तिक आवड नाही. स्वर्गातल्या उपासनेतही तिला जागा आहे.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मोठ्या आवाजाच्या उपासनेला कमी लेखू नका. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, झाले त्यात कितीतरी मुली आणि बाया एकाच वेळी मोठमोठ्याने रडत, पापे कबूल करत प्रार्थना करत होत्या. तो गोंगाट कोणी ठरवून घडवला नव्हता. पंडिता रमाबाईंचे तेच मुक्ती मिशन, जिथे रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या होत्या. छपाईचे खिळे जुळवणे, छापणे ही कामे मिशनमधल्या बायकाच करत. ज्यांना समाजाने टाकले होते त्या हातांनी देवाचे वचन अक्षर अक्षर जुळवले. एकाच आवारात तो आक्रोशही होता आणि टेबलाशी बसून वर्षानुवर्षे चाललेले हे मुके कामही. मला दोन्ही पवित्र वाटतात. प्रश्न आवाजाचा नाहीच. जागा रिकामी राहू नये म्हणून केलेला आवाज तेवढा त्रास देतो, आणि तुम्ही ज्याने थकला आहात तो हाच आहे.

आता धाडसाकडे येते. आपल्याला वाटते की आपल्या मंडळ्यांत जे चालते ते कायमचेच आहे. तसे नाही. आज ‘जुनी, पवित्र गीते’ म्हणून आपण जी डोळे मिटून म्हणतो, त्यातली कितीतरी एके काळी नवखी होती. १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. हा इंग्लंडमधून आलेला जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा कॅथलिक धर्मगुरू, आणि त्याने ख्रिस्ताची कथा मांडायला निवडली मराठी ओवी! पुढे एकोणिसाव्या शतकात अहमदनगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. कृष्णराव सांगळे यांचे नाव त्यात आदराने घेतले जाते. आणि मग कवी नारायण वामन टिळक.

टिळकांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमच्या प्रश्नाशी त्यांचा फार जवळचा संबंध आहे. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका परक्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते हलून गेले. पण बाप्तिस्मा झाला तो १८९५ च्या फेब्रुवारीत, मुंबईला. मधला काळ वाचनात, शंकांत, प्रार्थनेत गेला. तुकारामांचा पूल ओलांडून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो असे ते पुढे सांगत, आणि त्यांनी तो पूल मागे टाकून दिला नाही. अभंग, ओव्या, पदे हे सगळे ते मंडळीत घेऊन आले. तोवर आपल्याकडे परक्या चालींवर बसवलेली भाषांतरित गीते फार होती. शब्द मराठी, पण श्वास घ्यायची जागा भलतीकडेच. टिळकांचे भजन बसून, टाळ धरून म्हणा, म्हणजे फरक कळेल. ध्रुवपद परत परत येते, दर वेळी थोडे खाली उतरते, आणि कडव्यातली ओळ त्या उताराला येऊन मिळते. पेटीवर बोट ठेवून वर्षानुवर्षे हे अनुभवले आहे म्हणून सांगते, या रचनांत थांबण्याच्या जागा आहेत. आपणच त्या भरून टाकतो.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे यावेत अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांनी ते गेले. त्यांचे ख्रिस्तायन अपुरे राहिले आणि ते पुढे नेले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला लग्नानंतर घरात अक्षरओळख झाली तिने कवीच्या हातून राहिलेले महाकाव्य पुरे करायला घ्यावे! तुम्हाला वही काढायची भीती वाटेल तेव्हा लक्ष्मीबाई आठवा.

टिळकांचे चरित्र इंग्रजीत लिहिणारे अँग्लिकन धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला. त्याचा आश्रम पुढे पुण्याला झाला, साधी राहणी, भारतीय पद्धतीची उपासना आणि ध्यान यांसाठी. कॅथलिक बाजूला १९६३ च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरचा दस्तऐवज मंजूर केला. त्याने मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लोकांच्या भाषेत करायचे दार उघडले, आणि त्याच दस्तऐवजात योग्य वेळी पवित्र शांतता पाळावी असेही सांगितले आहे. वसईचे भाविक आज मिस्सा मराठीत ऐकतात त्याची सुरुवात तिथे आहे. आपली भाषा आणि आपली शांतता एकाच कागदातून मिळावी याचा मला आनंद वाटतो.

धाडसाला तपासणीही लागते, हे विसरू नका. लोणावळ्याला श्वासाकडे लक्ष देत प्रार्थना शिकवणारे फादर अँथनी डिमेलो यांनी असंख्य लोकांना स्वस्थ बसायला शिकवले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९९८ मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या काही लिखाणाबद्दल सावधगिरीची सूचना काढली. त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करून आधार मिळालेली माणसे मी पाहिली आहेत, आणि ती सूचना विचार करून काढली होती हेही मला मान्य आहे. मंडळीने तुमची कविता पवित्र शास्त्राशी ताडून पाहिली तर त्यात तुमचा अपमान नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे ते. आमच्याकडे उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते, प्रत्येकानंतर गीत. एका वर्षी पाळकसाहेबांनी ठरवले की ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ या चौथ्या उद्गारानंतर गीत नाही. ते स्वतः उठेपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचे. सुरुवातीला लोकांनी गीतांची पुस्तके चाळली. मग चाळणे थांबले. पंख्यांची घरघर, बाहेर एसटीचा हॉर्न, एका मुलाने आईकडे पाणी मागितले, तिने पिशवीतून बाटली काढली, झाकणाचा आवाज झाला. पुढच्या बाकावरच्या एक आजी पदर डोक्यावर ओढून पुटपुटत होत्या, नंतर त्यांचे ओठही मिटले. पेटीचा भाता माझ्या हाताखाली होता आणि एखादा सूर धरावा, सगळ्यांची सोडवणूक करावी, असे सारखे वाटत होते. येशूच्या त्या प्रश्नाला वरून उत्तर आले नव्हते, हे मला तिथे बसून जेवढे कळले तेवढे कोणत्याच उपदेशातून कळले नव्हते. उपासना संपल्यावर काहींनी तक्रार केली, वेळ फुकट गेला, चौथ्याला वक्ता आलाच नव्हता का? काहींनी पाळकांचा हात धरून पुढच्या वर्षीही असेच ठेवा म्हटले. तेव्हापासून ते तसेच चालू आहे.

तुम्ही एवढ्या मोठ्या गोष्टीपासून सुरू करू नका. पापांगीकाराच्या वेळी पाळक ‘आपण शांतपणे आपली पापे आठवू या’ म्हणतात आणि लगेच पुढचे वाक्य येते. तिथे एक मिनिट थांबाल का, एवढेच त्यांना विचारा. प्रभुभोजन घेऊन लोक बाकावर परततात तेव्हाही गीताऐवजी थोडा वेळ काहीच नको, असे सुचवता येईल. वर्शिप टीममधल्या मुलांशी प्रेमाने बोला. प्रार्थनेखाली वाजवत राहायला त्यांना कोणीतरी शिकवलेले असते, आणि थांबायला सांगितले तर बहुतेकांना हायसेच वाटते. भजन असेल तर शेवटचे ध्रुवपद वाद्याविना म्हणायचे, टाळ खाली ठेवायचे आणि पुढच्या भागाची घाई करायची नाही. फ्रान्समधल्या तेझे इथल्या ख्रिस्ती मठात छोटी गीते पुन्हा पुन्हा म्हणतात आणि प्रार्थनेच्या मध्यावर बराच वेळ सगळे मुके बसतात. जगभरचे तरुण तिकडे जातात. आपल्या भजनाला हे काही परके नाही.

घरी मात्र मंडळीची वाट पाहू नका. रोज ठरावीक वेळी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, स्तोत्रातली एकच ओळ घेऊन बसा. पहिल्या काही दिवसांत किराणा, मुलांच्या परीक्षा, नात्यातली जुनी भांडणे हेच मनात येईल. ते देवाला सांगून टाका, तीही प्रार्थनाच आहे. कविता लिहायच्या म्हणून बसू नका. तिथून काही आले तर नंतर लिहा.

आणि ती वही. उपासनेत म्हणण्याजोगी कविता कोणती, हे मी असे पाहते: ती ऐकणाऱ्याला कवीकडे पाहायला लावते की देवाकडे? दुसऱ्याला ती आपली प्रार्थना म्हणून उच्चारता येईल का? तुमची एखादी रचना फार खाजगी असेल तर ती तुमच्या आणि देवाच्या मध्येच राहू द्या, तिची किंमत कमी होत नाही. जी सगळ्यांची होऊ शकेल अशी एकच निवडा. स्वच्छ अक्षरात लिहून आठवडाभर आधी पाळकांच्या हातात द्या आणि उपवासकाळातल्या एखाद्या रविवारी, अर्पणानंतर, ती वाचू द्याल का असे विचारा. ‘आपल्यात चालत नाही’ म्हणालेच, तर वाद घालू नका. महिला संघाच्या घरगुती प्रार्थनासभेत म्हणा. तिथे दहाबारा बायका असतात, चहा उकळत असतो, कोणी तुमच्या शब्दावर अडले तर तोंडावर सांगते. पुष्कळ गीते अशाच बैठकींतून उपासनेपर्यंत पोहोचली आहेत.

तुमची रचना ओवीत किंवा अभंगात असेल आणि चाल सुचत नसेल तर इथेच खाली लिहा. भूपात किंवा भैरवीत बसते का ते पेटीवर पाहून कळवते.