स्पायरोग्राफ आणि पाच पाकळ्यांचे फूल

प्रश्न : तान्ह्या पोळ्याला मिळालेल्या बोजाऱ्याच्या पैशांतून मी लहानपणी इतवारीतून स्पायरोग्राफ (दातेरी कड्याच्या आत दातेरी चकती ठेवून, तिच्या छिद्रात पेन घालून फिरवत नक्षी काढायचे खेळणे) घेतला होता. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भावंडे कुलरसमोर बसून वह्याच्या वह्या भरत असू. तीन, चार, आठ पाकळ्यांची फुले सहज उमटत. जास्वंदीसारखे पाच पाकळ्यांचे फूल मात्र कितीही चकत्या बदलल्या तरी कधी आले नाही. ते कडे अजून जपून ठेवले आहे. मोजले तेव्हा आतल्या बाजूस ९६ दाते भरले. दोष हाताचा की खेळण्याचा?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : दोष दोघांचाही नाही, ९६ला पाचाने भाग जात नाही, एवढेच. चकती कड्याच्या आतून घरंगळते तेव्हा तिचे सगळे दाते एकदा लागून झाले की एक पाकळी पूर्ण होते आणि चकतीचा पहिला दाता कड्याच्या पहिल्या खाचेत पुन्हा येऊन बसला की रेघ सुरुवातीला मिळते. ३६ दात्यांची चकती घेतली, तर कड्याच्या तीन फेऱ्यांत २८८ दाते होतात. तेच चकतीच्या आठ आवर्तनांचे, म्हणून पाकळ्या आठ. चकती कोणतीही घ्या, ९६ दात्यांच्या कड्यावर पाकळ्यांची संख्या ९६ची विभाजक असलीच पाहिजे, आणि पाच ही तशी नाही. छिद्र बदलल्याने पाकळ्या खोल किंवा उथळ होतात, त्यांची संख्या बदलत नाही.

डेनिस फिशर या ब्रिटिश अभियंत्याने १९६५ मध्ये हे खेळणे बाजारात आणले, तेव्हा त्याच्या संचात आतून १०५ दात्यांचे दुसरे कडेही होते. ते मिळाल्यास त्यात ६३ दात्यांची चकती बसवावी आणि केंद्रापासून तिच्या त्रिज्येच्या सुमारे दोन-तृतीयांश अंतरावरचे छिद्र निवडावे. तीन फेऱ्यांत, मध्यबिंदूत एकत्र येणारे पाच पाकळ्यांचे नेटके फूल उमटेल. ४२ची चकती घेऊन कडेचे छिद्र निवडल्यास दोनच फेऱ्यांत पाच टोकांची चांदणी मिळते.

कागद मात्र कुलरसमोर ठेवू नये. मूळ संचात कडे पुठ्ठ्यावर पक्के करण्यासाठी टाचण्या असत. त्या हरवल्या की डाव्या हाताने कडे दाबून धरावे लागे, आणि वाऱ्याने कागद जरासा हलला तरी शेवटच्या फेरीत चकती एक दाता सोडून पुढे सरके व सगळी नक्षी फुकट जाई. अशा वेळी शेजारी बसलेल्या भावंडाला हसू आवरत नसे, हा अनुभव बहुतेक घरांतला असावा.

१०५च्या कड्यावर चार पाकळ्यांचे फूल येणार नाही, हे घरातल्या मुलांना आधीच सांगून ठेवावे.