खुनाचा तपास आणि नवरा-बायकोची थट्टा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : 'द थिन मॅन' हा १९३४ सालचा चित्रपट नुकताच पाहिला. खुनी कोण होता हे दुसऱ्या दिवशी सकाळी मला आठवेना, परंतु त्याचा तपास करणारे निक आणि नोरा हे जोडपे मात्र मनातून जात नाही. त्यांच्या भूमिका करणारे विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय हे प्रत्यक्षातही पती-पत्नी होते का? नसतील, तर हे जमले कसे? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : नव्हते, पण असा समज होणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. दुसऱ्या भागाच्या चित्रीकरणासाठी ही मंडळी सॅन फ्रान्सिस्कोला गेली, तेव्हा हॉटेलवाल्यांनी पॉवेल आणि लॉय यांना जोडपे समजून दोघांसाठी एकच प्रशस्त दालन राखून ठेवले होते, आणि पंचाईत अशी, की पॉवेलची त्या वेळची प्रेयसी जीन हार्लो हीदेखील सोबत होती. शेवटी ते दालन दोघी अभिनेत्रींनी घेतले आणि पॉवेलची रवानगी एका लहानशा खोलीत झाली, असे लॉय हिने आपल्या आठवणींत सांगितले आहे.

जमले कसे, याचे श्रेय प्रथम दिग्दर्शक डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक यांना द्यायला हवे. त्याच वर्षीच्या 'मॅनहॅटन मेलोड्रामा' या त्यांच्याच चित्रपटात पॉवेल आणि लॉय पहिल्यांदा एकत्र आले होते, आणि त्या वेळी दोघांमध्ये चालणारी खेळकर चेष्टा व्हॅन डाइक यांच्या नजरेतून सुटली नव्हती. एम.जी.एम. या स्टुडिओच्या वरिष्ठांना मात्र नोराच्या भूमिकेसाठी लॉय नको होती. मोंटाना राज्यात जन्मलेल्या या मुलीला हॉलिवुडने अनेक वर्षे गूढ, घातकी 'पौर्वात्य' मोहिनीच्या भूमिकांत अडकवून ठेवले होते; ती विनोदी गृहिणी शोभेल, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. व्हॅन डाइक यांनी हट्ट धरला आणि पुढच्या चित्रपटासाठी तिला लवकर मोकळे करण्याच्या अटीवर तो मान्य झाला. एकाच टेकमध्ये काम उरकणारे म्हणून ते प्रसिद्धच होते; जेमतेम दोन-अडीच आठवड्यांत चित्रीकरण संपले. घाईचा असा फायदा क्वचितच कोणाला झाला असेल, कारण अनेक दृश्यांत संवाद पाठ केल्यासारखे वाटतच नाहीत, तर त्या क्षणी सुचल्यासारखे वाटतात.

दुसरे श्रेय पटकथेचे. ती लिहिणारे अल्बर्ट हॅकेट आणि फ्रान्सिस गुडरिच हे खरेखुरे पती-पत्नी होते. डॅशिएल हॅमेट यांच्या कादंबरीतील रहस्याची फार चिंता करू नका, मला निक आणि नोरा यांच्यातील पाच चांगली दृश्ये द्या, असे व्हॅन डाइक यांनी त्यांना सांगितल्याचे म्हणतात. तेव्हा खुनी आठवत नाही याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. चित्रपटाचीही तशी अपेक्षा नव्हती.

परंतु माझ्या मते खरे मर्म ऐकण्यात आहे. पॉवेल बोलत असताना लॉयचा चेहरा पाहा. नवऱ्याचे विनोद तिला पाठ आहेत, पुढचे वाक्य कोणते येणार हेही तिला ठाऊक आहे, आणि तरीही ते कसे येते हे पाहण्याची तिची उत्सुकता संपलेली नाही. ती हसते, पण लगेच नाही. आधी नाक मुरडते, मग ओठांच्या कोपऱ्यातून हसू निसटते. निक पहाटेपर्यंत लोकांशी हुज्जत घालो किंवा नाताळच्या सकाळी सोफ्यावर लोळत खेळण्यातल्या बंदुकीने झाडावरचे फुगे फोडो, तिच्या नजरेत 'हे ध्यान माझे आहे' असा एक मिस्कील अभिमान असतो. तोवरच्या बहुतेक प्रेमकथा लग्नाच्या मंडपात संपत असत. इथे लग्न होऊन काही वर्षे झाली आहेत आणि गंमत संपलेली नाही, हे त्या काळच्या पडद्यावर नवे होते.

प्रश्न : शीर्षकातील 'सडपातळ माणूस' म्हणजे निकच ना? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : नाही. तो माणूस म्हणजे बेपत्ता झालेला संशोधक वायनंट. प्रेक्षकांनी मात्र ते नाव पॉवेललाच चिकटवले आणि स्टुडिओनेही तो गैरसमज दूर करण्याऐवजी पुढच्या पाचही भागांच्या शीर्षकांत जपून वापरला.

प्रश्न : अशा चित्रपटांना 'स्क्रूबॉल' का म्हणतात? आणि या सगळ्यांत जोडपी एवढी भांडतात का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शब्द बेसबॉलमधला आहे. नेहमीचा वळणारा चेंडू ज्या दिशेला जातो, त्याच्या उलट दिशेला वळणारा चेंडू म्हणजे स्क्रूबॉल. आपल्या क्रिकेटमधील गुगलीचा भाऊ म्हणा. १९३४ च्या जुलैमध्ये कार्ल हबेल या खेळाडूने एका गाजलेल्या सामन्यात याच चेंडूच्या जोरावर बेब रूथसह पाच नामवंत फलंदाजांना ओळीने बाद केले. बोलभाषेत हाच शब्द विक्षिप्त माणसासाठीही वापरला जात असे, आणि मग तो अपेक्षेच्या उलट वळणाऱ्या या विनोदी चित्रपटांना लागला.

भांडणाचे कारण अधिक मनोरंजक आहे. त्याच जुलै महिन्यापासून हॉलिवुडची निर्मितिसंहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवावे याची नियमावली, कडकपणे अमलात आली आणि पडद्यावरच्या शारीरिक जवळिकीवर मोठी बंधने पडली. 'द थिन मॅन' त्याआधी, मे महिन्यात प्रदर्शित झाला होता, तरी त्यातही निक आणि नोरा वेगवेगळ्या पलंगांवर झोपतात. जे दाखवता येत नव्हते ते लेखकांनी बोलण्यात भरले. वेग, टोमणे, एकमेकांचे वाक्य तोडणे, हीच शृंगाराची भाषा झाली. घटस्फोटित किंवा घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचे जोडपे नायक-नायिका म्हणून घेण्याची युक्ती तर फारच उपयोगी पडली, कारण एकेकाळच्या नवरा-बायकोंनी पुन्हा एकमेकांना भुलवले तर त्यात आक्षेप कोण घेणार? 'द ऑफुल ट्रुथ' (१९३७) आणि 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) हे दोन्ही याच युक्तीवर उभे आहेत. दुसऱ्यात तर मूळ नाटकातील पुरुष बातमीदाराची स्त्री केली, तिला संपादकाची पूर्वाश्रमीची पत्नी बनवले, आणि कॅरी ग्रँट व रोझलिंड रसेल यांना एकाच वेळी बोलायला लावले. तो पाहताना उपशीर्षके वाचण्याचा प्रयत्न करून मी एकदा हात टेकले आहेत.

या परंपरेचा एक धागा आपल्याकडेही आला. १९३४ च्याच 'इट हॅपन्ड वन नाइट' वरून राज कपूर आणि नर्गिस यांचा 'चोरी चोरी' (१९५६) बेतला होता, आणि पुढे १९९१ मध्ये 'दिल है के मानता नहीं' आला.

प्रश्न : मुलीसोबत 'द थिन मॅन' पाहताना सततचे मद्यपान आणि निकने नोराला मारलेला ठोसा मला खटकला. तुम्ही याचे समर्थन कराल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ठोशाचे नाही. पिस्तूल रोखलेल्या माणसाच्या समोरून तिला दूर करण्यासाठी तो मारला जातो, आणि शुद्धीवर आल्यावर नोराची तक्रार एवढीच असते, की तू त्याला कसे नमवतोस हे मला पाहायचे होते. विनोद नोराचा असला, तरी आज ते दृश्य पाहताना हसू अर्धवट राहते. मद्याबाबत मात्र काळ लक्षात घ्यावा : अमेरिकेतील दारूबंदी ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली होती आणि चित्रपट पुढच्या सहा महिन्यांच्या आत आला. ग्लासांच्या त्या रांगा म्हणजे नुकत्याच संपलेल्या कंटाळवाण्या पथ्याचा जल्लोष आहे.

मुलीला दाखवण्यासारखे दृश्य दुसरेच आहे. तपासाच्या धोक्यापासून दूर ठेवण्यासाठी निक नोराला फसवून टॅक्सीत बसवतो आणि अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या समाधीकडे पाठवून देतो. नंतर तो साळसूदपणे विचारतो, समाधी कशी वाटली? ती म्हणते, फारच सुंदर, तुझ्यासाठी तशीच एक करवून घेते आहे. हिशोब तिथल्या तिथे चुकता होतो, आणि आवाज कोणाचाही चढत नाही.

प्रश्न : या प्रकारचे आणखी कोणते चित्रपट पाहावेत? (एक वाचिका, नागपूर)

उत्तर : मालिकेतील दुसरा, 'आफ्टर द थिन मॅन' (१९३६), अवश्य पाहा, त्यात तरुण जेम्स स्टुअर्ट आहे. १९४७ पर्यंत एकूण सहा भाग निघाले, परंतु पुढेपुढे फोडणी तीच आणि भाजी शिळी असा प्रकार होतो. पॉवेल यांचाच 'माय मॅन गॉडफ्री' (१९३६) सुटू देऊ नका. त्यातील नायिका कॅरोल लोम्बार्ड ही त्यांची घटस्फोटित पत्नी, आणि ती भूमिका तिलाच मिळावी म्हणून पॉवेल अडून बसले होते.

रहस्य आणि थट्टा या दोन्हींचा तोल हवा असेल, तर 'शरेड' (१९६३) पाहा. कॅरी ग्रँट तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होते आणि ऑड्री हेपबर्न तिशीत. या अंतरामुळे ते अस्वस्थ होते, म्हणून पटकथेत नायकाऐवजी नायिकाच त्याच्या मागे लागते असे दाखवले, आणि चित्रपटाची निम्मी गंमत या अडचणीतूनच आली.

प्रश्न : आणि निक-नोराचा तो कुत्रा? (एक वाचक, वय वर्षे ११, कोल्हापूर)

उत्तर : त्याचे नाव स्किपी. कादंबरीतील त्यांची अॅस्टा ही श्नाउझर जातीची कुत्री आहे, चित्रपटात मात्र ती वायर फॉक्स टेरियर जातीचा कुत्रा झाली. 'द ऑफुल ट्रुथ' मध्ये ज्याच्या ताब्यावरून नवरा-बायको न्यायालयात भांडतात तो मिस्टर स्मिथ म्हणजे हाच, आणि 'ब्रिंगिंग अप बेबी' (१९३८) मध्ये डायनोसॉरचे मोलाचे हाड पळवून पुरून टाकणारा जॉर्जही हाच. हाड कुठे पुरले, हे कॅरी ग्रँट आणि कॅथरिन हेपबर्न त्याच्या मागे मागे फिरून विचारत राहतात, तो मात्र मुळीच सांगत नाही.